ऊन आणि रेणू: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरला उन्हाची ओळख करून द्यावी लागत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला इथे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते. याच उन्हात डाळिंबाची पानं साखर तयार करतात, रंगवलेलं सूत वाळतं, गच्चीवर राहिलेल्या चादरीचा रंग उतरतो. या सगळ्याची सुरुवात एकाच घटनेतून होते: एखादा रेणू प्रकाश शोषून घेतो.

त्यानंतर रेणूचं काय होतं, याबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं लेसरच्या प्रयोगांतून आलेलं आहे. पानावर मात्र लेसर पडत नाही, ऊन पडतं. रेणू तोच असला तरी या दोन प्रकाशांना तो एकसारखा प्रतिसाद देत नाही. हा फरक विज्ञानाच्या लोकप्रिय लेखांतून बहुतेक वेळा गळून जातो, म्हणून हे पान लिहिलं आहे. प्रश्न बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलामुलींचे आहेत, शिक्षकांचे आहेत, आणि काही बागायतदारांचे व रंगकाम करणाऱ्यांचेही आहेत.

उन्हाला "असंगत प्रकाश" का म्हणतात?

सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५७७२ केल्विन आहे. तिथले असंख्य कण आपापल्या वेळी, एकमेकांशी काही न ठरवता प्रकाश सोडतात. त्या सगळ्या लहरींची बेरीज होऊन जे आपल्यापर्यंत पोचतं, त्यात चढउतारांचा ठरलेला क्रम नसतो. आत्ता लहर कुठल्या टप्प्यावर आहे हे कळलं, तरी थोड्या वेळाने ती कुठे असेल हे सांगता येत नाही. म्हणून हा प्रकाश असंगत; जिथे हे सांगता येतं तिथे सुसंगती आहे म्हणतात.

"थोडा वेळ" म्हणजे किती? उन्हासाठी तो साधारण एक फेम्टोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग. तेवढ्यात प्रकाश जेमतेम ०.३ मायक्रोमीटर पुढे जातो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५ मायक्रोमीटरच्या आसपास असते, म्हणजे एक लहर पुरी व्हायच्या आतच आधीची आठवण पुसली जाते. चांगल्या लेसरमध्ये ही आठवण लाखो-कोटी लहरींपर्यंत टिकते.

मग उन्हात अजिबातच सुसंगती नसते का?

असते, आणि ती कुठे असते हे पाहण्यासारखं आहे. उन्हापुढे फक्त एक नॅनोमीटर रुंदीचा रंगपट्टा जाऊ देणारा फिल्टर धरला, तर हिरव्या प्रकाशाची आठवण एका फेम्टोसेकंदावरून साधारण एका पिकोसेकंदापर्यंत, म्हणजे हजारपट वाढते. सूर्य बदलला नाही, आपण रंग निवडला एवढंच. प्रत्येक रेणूही स्वतःच्या शोषणपट्ट्यापुरता असा फिल्टरच असतो.

दुसरी गोष्ट जागेची. सूर्याची चकती आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे जमिनीवर एकमेकांपासून मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत अंतर असलेल्या दोन बिंदूंवर उन्हाच्या लहरी अजून एकमेकींशी संबंध राखून असतात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एमिल व्हर्दे यांनी एकोणिसाव्या शतकातच हा अंदाज काढला होता. हरितद्रव्याचा रेणू साधारण एक-दोन नॅनोमीटरचा, म्हणजे त्या अंतरापुढे नगण्य. रेणूच्या एका टोकाला एक लहर आणि दुसऱ्या टोकाला भलतीच, असं उन्हात होत नाही. गोंधळ आहे तो वेळेचा.

भर दुपारच्या उन्हात एका रेणूला किती फोटॉन मिळतात?

बहुतेकांचा अंदाज फार मोठा असतो. स्वच्छ दुपारी चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. फोटॉनांत मोजायचं तर दर सेकंदाला काही गुणिले दहाचा एकविसावा घात, म्हणजे अफाट संख्या. पण हरितद्रव्याच्या एका रेणूचं "तोंड" इतकं लहान असतं की पूर्ण उन्हातही तो सेकंदाला सुमारे १० फोटॉनच शोषतो.

उत्तेजित झालेला रेणू त्या अवस्थेत फार तर काही नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांश भाग) राहतो. म्हणजे दोन शोषणांमध्ये सरासरी सेकंदाचा दहावा भाग जातो, आणि उत्तेजित अवस्था त्याच्या काही कोटीव्या भागातच संपलेली असते. कुठल्याही क्षणी दहा कोटी रेणूंपैकी फक्त चार-पाच उत्तेजित सापडतील. सोलापूरचं ऊन आपल्याला कितीही कडक वाटलं, तरी रेणूच्या हिशोबाने तो अत्यंत मंद प्रकाश आहे. पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया हाच आकडा आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

झाडांनी यावर उपाय काढला आहे. शे-दोनशे किंवा त्याहून अधिक हरितद्रव्य-रेणू मिळून एकाच प्रतिक्रिया केंद्राला, म्हणजे जिथे प्रकाशाची ऊर्जा रासायनिक कामाला लागते त्या जागेला, ऊर्जा पुरवतात. एकट्याने बसून राहिलं असतं तर त्या केंद्राला बराच वेळ रिकामं राहावं लागलं असतं.

फोटॉन शोषल्यावर रेणूत नेमकं काय घडतं?

इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि रेणू कंपू लागतो. ती जादा कंपनं आजूबाजूच्या द्रावणात किंवा प्रथिनात पिकोसेकंदांत उष्णता होऊन विरतात. मग रेणू सर्वांत खालच्या उत्तेजित पातळीवर थांबतो, आणि तिथून पुढे वाटा फुटतात: प्रकाश परत सोडणं (प्रतिदीप्ती), सगळी ऊर्जा उष्णतेत घालवणं, शेजारच्या रेणूला देणं, त्रिक अवस्थेत (जास्त काळ टिकणाऱ्या वेगळ्या उत्तेजित अवस्थेत) जाणं, किंवा रासायनिक बदल. कोणती वाट किती वेगाने जाते यावर रेणूचं नशीब ठरतं. ५०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये सुमारे २.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, म्हणजे खोलीच्या तापमानाला रेणूभोवती चालणाऱ्या उष्णतेच्या हालचालीच्या साधारण शंभरपट. म्हणून कडक उन्हाने तापलेला पत्रा जे करू शकत नाही, ते एक फोटॉन करू शकतो.

लेसर प्रयोगांत असं काय दिसलं की इतकी चर्चा झाली?

अहमद झेवैल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते फेम्टोसेकंद स्पंदांनी, म्हणजे प्रकाशाच्या अतिशय छोट्या झोतांनी, रेणूंची हालचाल पाहण्याच्या पद्धतीसाठी. अतिशय छोटा लेसर स्पंद द्यायचा, आणि ठरावीक उशिराने दुसरा स्पंद पाठवून रेणू कुठवर आला ते बघायचं. छोट्या स्पंदात अनेक रंग असतात आणि ते सगळे पक्क्या कलासंबंधात, म्हणजे लहरींच्या चढउतारांच्या ठरलेल्या मेळात, बांधलेले असतात. त्यामुळे रेणूच्या अनेक ऊर्जापातळ्या एकाच क्षणी, एकाच ठेक्यात उत्तेजित होतात. नमुन्यातले कोट्यवधी रेणू मग एकत्र हलतात, आणि मोजणीत लयबद्ध चढउतार उमटतात. अनेक पातळ्यांच्या या एकत्रित हालचालीला वेव्ह पॅकेट म्हणतात.

२००७ साली अमेरिकेत बर्कलीतल्या ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या गटाने हिरव्या गंधक-जीवाणूंच्या एका प्रथिनावर असा प्रयोग केला. ७७ केल्विनला चढउतार ६६० फेम्टोसेकंदांपर्यंत टिकलेले दिसले. ऊर्जा एकाच वेळी अनेक वाटांनी लहरीसारखी फिरते आणि म्हणूनच प्रकाशसंश्लेषण इतकं कार्यक्षम आहे, असा अर्थ त्यातून काढला गेला. तो जगभर पसरला. आपल्याकडच्या कितीतरी व्याख्यानांत आजही तो जसाच्या तसा सांगितला जातो.

प्रयोग उत्तम होता. निष्कर्षाबाबत मात्र दोन अडचणी निघाल्या. पहिली, त्या चढउतारांचा मोठा भाग इलेक्ट्रॉनांच्या सुसंगतीचा नसून रेणूंच्या कंपनांचा आहे, हे पुढच्या प्रयोगांनी दाखवलं. २०२० मध्ये या क्षेत्रातल्या अनेक गटांनी एकत्र आढावा घेऊन म्हटलं की इलेक्ट्रॉनी सुसंगती इतकी अल्पायुषी असते की ती या कामात उपयोगी पडत नाही. दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे, आणि ती पुढच्या प्रश्नात येते.

लेसर स्पंदातही अनेक रंग, उन्हातही अनेक रंग. मग रेणूला फरक का पडावा?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

यंत्रमागाचा कारखाना डोळ्यापुढे आणा. पन्नास माग, वेग जवळपास सारखा, पण अगदी एक नाही. मेन स्विच दाबून सगळे एकाच क्षणी सुरू केले, तर पहिले काही ठोके एकत्र पडतील: खट, खट, खट. मग वेगातल्या बारीक फरकांमुळे ते एकमेकांपासून सरकतील आणि एकसलग खडखडाट उरेल. आता दुसरी स्थिती घ्या. कामगार येईल तसा आपला माग सुरू करतो, सूत तुटलं की थांबवतो, पुन्हा चालू करतो. बाहेर उभं राहून ऐकलं तर लय कधीच ऐकू येणार नाही, पहिल्या क्षणापासून खडखडाटच. तरीही प्रत्येक माग तेवढ्याच वेगाने चालतो आहे आणि संध्याकाळी कापड तेवढंच निघतं.

लेसर स्पंद म्हणजे मेन स्विच. ऊन म्हणजे दुसरी स्थिती.

आता हेच पुंज यांत्रिकीच्या भाषेत, एम.एस्सी.वाल्यांसाठी. रेणूची अवस्था घनता-मॅट्रिक्सने लिहिली की कर्णावरच्या संख्या सांगतात कुठल्या ऊर्जापातळीत किती रेणू आहेत, आणि कर्णाबाहेरच्या संख्या सांगतात की पातळ्यांमध्ये कलासंबंध आहे का. लयबद्ध चढउतार कर्णाबाहेरून येतात. असंगत प्रकाश अचानक चालू केला असं मानलं, तर कर्णावरच्या संख्या वेळेच्या प्रमाणात वाढत जातात, कारण प्रकाश रेणूंना सतत वर पाठवत असतो. कर्णाबाहेरच्या मात्र वाढत नाहीत. आत्ता तयार झालेला कलासंबंध मघाच्याशी जुळत नाही, दोघांची बेरीज एकमेकांना पुसते, आणि त्या संख्या एका लहानशा मर्यादेत डोलत राहतात. दोन पातळ्यांमधला डोल २०० फेम्टोसेकंदांचा असेल, तर एका नॅनोसेकंदानंतर कर्णाबाहेरचा भाग कर्णावरच्या साधारण तीस हजारावा उरतो. आणि एक नॅनोसेकंद म्हणजे उन्हाच्या दृष्टीने काहीच नाही, ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतं.

परिणामी उन्हातल्या रेणूंचा समूह स्थिर अवस्थेत असतो. काही रेणू वर जातात, काही खाली येतात, काही ऊर्जा पुढे देतात, पण समूहाच्या सरासरीत काळाची कुठलीही लय उरत नाही. टोरंटोचे पॉल ब्रूमर आणि त्यांचे सहकारी मोशे शापिरो यांनी हा मुद्दा १९९० च्या दशकापासून लावून धरला. २००७ नंतरच्या उत्साहात तो बराच काळ मागे पडला, हे मला खरोखर खटकतं, कारण गणित तेव्हाही हाती होतं.

पण ऊन काही एका क्षणात चालू होत नाही ना?

नाही, आणि त्यामुळे उरलीसुरली लयही जाते. वरच्या हिशोबात प्रकाश अचानक चालू केला म्हणून थोडा तरी डोल आला. पहाटेचा प्रकाश वाढायला मिनिटं लागतात. ढगाची कड सरकायला सेकंद. पाखराची सावली पानावरून जायला हजारावे भाग. अगदी वेगवान कॅमेऱ्याचं शटर, सेकंदाचा आठ हजारावा भाग, तेसुद्धा एका नॅनोसेकंदाच्या लाखपटीहून मोठं आहे. रेणूच्या हिशोबात "अचानक" म्हणायचं तर प्रकाश फेम्टोसेकंदांत चालू व्हायला हवा, आणि निसर्गात, निदान पानावर किंवा डोळ्यात, असं होताना दिसत नाही.

फोटॉन हा छोटासा स्पंदच असतो, तो येऊन आदळला की तीच सुरुवात नव्हे का?

हे चित्र मनात फार घट्ट बसलेलं असतं: छोटी गोळी येते, रेणूवर आपटते, तिथून घड्याळ सुरू. काही संशोधकांनीही असा युक्तिवाद केला होता की ऊन म्हणजे कधीही येणाऱ्या छोट्या स्पंदांचं मिश्रण समजावं, म्हणजे प्रत्येक स्पंदासाठी लेसर प्रयोगाचं उत्तर चालेल.

२०१५ मध्ये ऑरेलिया शनू, आगाता ब्रान्चिक, ग्रेगरी शोल्स आणि जॉन साइप यांनी दाखवलं की उष्ण प्रकाश (उन्हासारखा, तापलेल्या वस्तूतून येणारा प्रकाश) असा एकेकट्या स्पंदांचं मिश्रण म्हणून मांडताच येत नाही. काही सरासरी मोजमापं जुळवता येतात, पण संपूर्ण प्रकाश नाही. फोटॉन कधी आला हे जोवर कुठल्या मोजणीने नोंदवलेलं नाही, तोवर "तो या क्षणी आला" असं म्हणण्याला आधार नसतो.

आणि नोंदवलं तर? २०२३ मध्ये बर्कलीतच जांभळ्या जीवाणूंच्या प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनावर एकेक फोटॉन पाठवला गेला. फोटॉन जोडीने तयार केले, जोडीतला एक सापडला की दुसरा निघाल्याची खूण मिळे, आणि प्रथिनाने सोडलेला प्रतिदीप्तीचा फोटॉन पकडला जाई. एका फोटॉनने ही क्रिया सुरू होते हे त्यातून थेट दिसलं. फार सुंदर प्रयोग. पण तिथे वेळेची खूण प्रयोग करणाऱ्यांनी निर्माण केली होती. उन्हात तशी खूण कुणी ठेवत नाही.

म्हणजे फेम्टोसेकंद लेसरचे प्रयोग निरुपयोगी?

अजिबात नाही. ही गैरसमजूत उलट्या बाजूने होते आणि तीही तितकीच हानिकारक आहे.

रेणूच्या ऊर्जापातळ्या, त्यांच्यातली जोडणी, आजूबाजूच्या प्रथिनाशी असलेला संबंध हे सगळं रेणूचं स्वतःचं असतं. प्रकाश मंद असेल तर तो यात बदल करत नाही. लेसरने हे गुणधर्म मोजायचे, आणि मग ते आकडे घेऊन उन्हात काय होईल याचं गणित मांडायचं, हा रास्त मार्ग. चूक होते ती लेसरमध्ये दिसलेली लय थेट पानात आहे असं मानण्यात.

आणखी एक जुना निष्कर्ष आठवण्यासारखा आहे. ब्रूमर आणि शापिरो यांनी १९८९ मध्ये दाखवलं की एकाकी रेणूने मंद प्रकाशातला एकच फोटॉन शोषला, तर शेवटी कोणतं उत्पादन किती तयार होईल हे फक्त प्रकाशात कोणता रंग किती आहे यावर ठरतं. त्या रंगांचे कलासंबंध कसेही असोत. आजूबाजूच्या माध्यमाशी जोडलेल्या रेणूंत याला अपवाद निघू शकतात आणि त्यावर प्रयोगही झाले आहेत, पण सुरुवातीचा अंदाज म्हणून हा नियम खूप पुढे नेतो.

मग उन्हात "क्वांटम" काहीच उरत नाही?

उरतं, भरपूर. ऊर्जापातळ्या ठरावीक असणं हेच क्वांटम आहे. मघाच्याच जांभळ्या जीवाणूंच्या प्रथिनात २७ जीवाणू-हरितद्रव्य रेणू असतात, त्यांपैकी १८ एका वर्तुळात इतके जवळ की उत्तेजन एकाच रेणूवर न राहता अनेकांवर पसरलेलं असतं. ही पसरण स्थिर अवस्थेतही असते, तिला लय लागत नाही. माझ्या मते प्रकाशसंश्लेषणातली खरी क्वांटम गोष्ट इथे आहे, चढउतारांत नाही.

शिवाय दोन ऊर्जापातळ्या एकमेकींच्या फार जवळ असतील, तर असंगत प्रकाशानेही त्यांच्यात काही काळ टिकणारा संबंध तयार होऊ शकतो. मार्लन स्कली आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सैद्धांतिक पातळीवर मांडलं की अशा संबंधामुळे प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राची शक्ती वाढू शकते. टिमुर शेरबुल आणि ब्रूमर यांनी २०१४ मध्ये त्याचं आयुष्य किती असू शकतं ते दाखवलं. हे गणित भक्कम आहे, पण पुन्हा प्रकाश किती झटकन चालू होतो या अटीवर बरंच अवलंबून आहे.

डोळ्याचं काय? तिथे तर क्रिया २०० फेम्टोसेकंदांत होते ना?

होय. डोळ्याच्या पडद्यावरच्या ऱ्होडॉप्सिनमधला रेटिनल रेणू प्रकाश शोषून आपला आकार बदलतो, आणि त्याला सुमारे २०० फेम्टोसेकंद लागतात हे १९९१ मध्ये लेसरने मोजलं गेलं. शोषलेल्या तीन फोटॉनांपैकी साधारण दोन हा बदल घडवतात. इतका वेग महत्त्वाचा आहे, कारण बदल लवकर झाला नाही तर ऊर्जा दुसऱ्या वाटांनी निघून जाईल.

पण दिसण्याचा वेग त्यावर ठरत नाही. डोळ्यातल्या दंडपेशीचा विद्युत प्रतिसाद यायला सेकंदाचे शंभरावे-दहावे भाग लागतात. मंद उजेडात मोजकेच फोटॉन शोषले गेले तरी माणसाला प्रकाश जाणवतो हे हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांनी १९४२ मध्येच दाखवलं. ते फोटॉन कधीही येवोत, पेशी त्यांना मोजते, त्यांची लय बघत नाही.

सूर्याचे फोटॉन घोळक्याने येतात असं ऐकलं. त्याने फरक पडतो का?

येतात. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन आणि रिचर्ड ट्विस यांनी १९५६ मध्ये असंगत प्रकाशात हे दाखवलं, आणि त्यामागचा क्वांटम सिद्धांत १९६३ मध्ये रॉय ग्लाउबर आणि केरळात जन्मलेले ई. सी. जी. सुदर्शन यांनी उभा केला. ग्लाउबर यांना त्यासाठी २००५ चं नोबेल मिळालं. सुदर्शन यांना मिळालं नाही, आणि ती रुखरुख अनेक भारतीय भौतिकशास्त्रज्ञांना आजही आहे.

एकच फोटॉन शोषणाऱ्या रेणूसाठी घोळक्याने फरक पडत नाही, तिथे रंगपटच पुरतो. एकदम दोन फोटॉन शोषायचे असतील तर पडतो: सरासरी तीव्रता तेवढीच असताना असंगत प्रकाशात असं शोषण दुप्पट होतं. पण सेकंदाला १० फोटॉन मिळणाऱ्या रेणूसाठी एकदम दोन मिळण्याची शक्यता जवळपास शून्य आहे.

एलईडी, ट्यूबलाइट, चांदणं?

सगळे असंगत. चांदणं तर परावर्तित ऊनच. एलईडीचा रंगपट्टा अरुंद असल्यामुळे आठवण थोडी जास्त टिकते, एवढाच फरक.

उन्हात चादरीचा रंग का उतरतो? त्यात या सगळ्याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. रंगाचा रेणू शोषलेल्या फोटॉनांपैकी बहुतेकांची ऊर्जा निमूटपणे उष्णतेत घालवतो. चांगला रंग म्हणजे हे काम झटपट करणारा रंग. निळीचा रेणू टिकतो तो यामुळेच, त्याची उत्तेजित अवस्था पिकोसेकंदांत संपते आणि भलतं काही घडायला वेळच मिळत नाही. पण कधीतरी एखादा रेणू त्रिक अवस्थेत अडकतो, ऑक्सिजनला ऊर्जा देतो, आणि तो जास्त क्रियाशील झालेला ऑक्सिजन रंगाचा रेणू तोडतो. हे प्रत्येक वेळी होत नाही. होतं ते लाखो शोषणांत एखाद्या वेळी, पण ऊन रोज असतं.

एकेका फोटॉनचा हा खेळ असल्यामुळे हिशोब सरळ आहे: दुप्पट ऊन, साधारण दुप्पट विटणं. निम्म्या तीव्रतेचं ऊन दुप्पट वेळ दिलं तरी नुकसान जवळपास तेवढंच. रंगाचा पक्केपणा तपासताना याचाच उपयोग होतो. नमुना झेनॉन दिव्याखाली ठेवतात आणि १ ते ८ क्रमांकाच्या निळ्या लोकरी पट्ट्यांशी ताडून बघतात, १ सर्वांत कच्चा, ८ सर्वांत पक्का. झेनॉन दिवाही असंगतच असतो आणि त्याचा रंगपट उन्हाच्या जवळ जातो, म्हणून ही चाचणी उन्हाबद्दल खरं सांगते.

घरापुरतं उत्तर: चादर उलटी करून, शक्यतो सावलीत वाळवा. सोलापूरच्या हवेत ती सावलीतही वाळते.

डाळिंबाच्या पानांना एवढं ऊन सोसतं कसं?

ऊन वापरण्याची पानाची मर्यादा दुपारच्या बरीच आधी गाठली जाते. जास्तीची ऊर्जा तशीच राहू दिली तर हरितद्रव्य त्रिक अवस्थेत जाऊन वरच्यासारखाच घातक ऑक्सिजन तयार होईल. म्हणून पान मिनिटांत आपली मांडणी बदलतं, झियाझॅन्थिनसारखे पिवळे रेणू तयार करतं, आणि उत्तेजन उष्णतेत सोडून देतं. फळाला ही सोय कमी असते. सालीवर पडणारे भाजल्याचे डाग उष्णता आणि प्रकाश दोन्हींचे असतात, म्हणून बागेत कापडाचं किंवा जाळीचं आच्छादन टाकतात ते योग्यच आहे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काही दाखवता येईल का?

येईल, आणि खर्चही फारसा नाही. पालकाची पानं ठेचून स्पिरिटमध्ये भिजवा (जवळ ज्योत नको), गाळून हिरवा अर्क काचेच्या नळीत घ्या. नळीतून आरपार पाहिलं तर हिरवा दिसतो, पण उन्हात धरून बाजूने, मागे काळा कागद ठेवून पाहिलं तर लालसर चमकतो. ही हरितद्रव्याची प्रतिदीप्ती, तरंगलांबी साधारण ६७० नॅनोमीटर. अंधाऱ्या खोलीत निळ्या आणि मग जांभळ्या एलईडीने हेच करा. आत जाणारा रंग बदलला तरी बाहेर येणारा लालच राहतो, कारण रेणू आधी सर्वांत खालच्या उत्तेजित पातळीवर उतरतो आणि मगच प्रकाश सोडतो.

मग मुलांना दोन गोष्टी मोजायला सांगा. एलईडी दुप्पट अंतरावर नेली की चमक किती कमी होते, म्हणजे एका फोटॉनचा सरळ हिशोब दिसेल. आणि फोनच्या कॅमेऱ्याने चमक काही मिनिटं सतत नोंदवा. बॅटरीवर चालणारी साधी एलईडी वापरली तर रेघ सपाट येते. विजेच्या लाइनवरच्या दिव्याने केलं तर सेकंदाला १०० वेळा होणारी धडधड मिसळू शकते, ती दिव्याची असते, रेणूची नाही.

उन्हाला कमी लेखू नका. १९२८ च्या शोधापर्यंत पोचताना चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कलकत्त्यात आधी फिल्टरमधून गाळलेलं ऊनच वापरलं होतं, पाऱ्याचा दिवा नंतर आला. एक निळी आणि एक पिवळी काच घेऊन तो प्रयोगही करता येतो: निळ्या काचेतून आलेलं ऊन द्रवावर पाडायचं, आणि विखुरलेला प्रकाश पिवळ्या काचेतून बघायचा. स्वच्छ द्रव आणि खरोखर अंधारी खोली असेल तरच अंधुक उजेड दिसतो, त्यामुळे नळी निवडण्याआधी खिडक्यांवर काळा कागद चिकटवून घ्या.